बारा स्वरांचा हिशेब मांडणारे पंडित भातखंडे

जयपूर शहराच्या दक्षिणेस असलेले सांगानेर ठशांच्या छपाईच्या कापडासाठी देशभर ओळखले जाते. या गावाची दुसरी ओळख हातकागदाची आहे. कागदी म्हणून ओळखली जाणारी घराणी येथे काही शतकांपासून कागद बनवीत आली असून जयपूर दरबाराची दप्तरे याच कागदावर लिहिली जात. मात्र त्याच दरबाराच्या आश्रयाने वाढलेले गाणे फार काळ कागदावर उतरले नव्हते. ते उस्तादांच्या गळ्यात होते आणि गळ्यातून गळ्यात जात होते. हे गाणे कागदावर आणण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले, ते पंडित विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे वकील होते. त्यांच्या शोधाच्या वाटेवर जयपूर हा महत्त्वाचा टप्पा होता.

भातखंडे यांचे नाव आज प्रामुख्याने दहा थाटांच्या पद्धतीमुळे घेतले जाते. संगीताच्या पहिल्या परीक्षेला बसणारा विद्यार्थीही बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी ही नावे पाठ म्हणतो. पण थाट दहाच का, हा प्रश्न तो क्वचितच विचारतो. सप्तकाचे बारा स्वर घेतले तर हिशेबाने दहापेक्षा कितीतरी अधिक थाट निघतात. त्यांतील एक तर असा आहे, की त्याच्या अंगाने जाणारी स्वरश्रेणी विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात मोठ्या कुतूहलाचा विषय झाली होती. पाश्चात्त्य संगीतात तिला होल टोन स्केल म्हणतात. भातखंडे यांच्या दहांत तिला जागा नाही. ती का नाही, हे पाहू गेल्यास या विद्वानाची विचार करण्याची रीत लक्षात येते.

वकिलीकडून संगीताकडे

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. घरात संगीताची आवड होती, परंतु संगीत हा उपजीविकेचा मार्ग मानला जात नव्हता. बासरी आणि मग सतार अशी त्यांची सुरुवात झाली. सतारीचे शिक्षण त्यांनी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे घेतले. १८८४ साली ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. पारशी समाजातील संगीतप्रेमींनी उभारलेल्या या संस्थेत नामांकित गायक-वादकांची ये-जा असे. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ध्रुपदे, तर अली हुसेन खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल, असा त्यांचा संग्रह येथे वाढत गेला.

१८८५ साली ते बी. ए. झाले आणि १८८७ साली कायद्याची पदवी मिळवून त्यांनी वकिली सुरू केली. काही काळ ते कराचीतही होते. वकिलीने त्यांना दोन गोष्टी दिल्या असे म्हणता येईल. एक म्हणजे स्वतंत्र उत्पन्न. त्यामुळे त्यांना कोणत्याही दरबाराच्या मर्जीवर राहावे लागले नाही. दुसरी गोष्ट म्हणजे साक्षीपुरावा तपासण्याची सवय. एखादा राग अमुक प्रकारे गावा असे कोणी सांगितले, की त्याला आधार कोणता, हे ग्रंथात आहे की केवळ ऐकीव, आणि ग्रंथात असेल तर आज प्रत्यक्ष कोण तसे गाते, असे प्रश्न ते विचारीत. अनेक कलावंतांना ही उलटतपासणी रुचली नाही, हेही खरे.

१९०० साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. तीन वर्षांनी एकुलती एक कन्याही गेली. संसाराचे पाश असे तुटल्यावर त्यांनी हळूहळू वकिलीतून अंग काढून घेतले आणि उरलेले आयुष्य संगीताच्या शोधाला दिले.

१९०४ साली ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. मद्रास, तंजावर आणि एट्टयपुरम येथे त्यांनी विद्वानांच्या गाठी घेतल्या. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षित यांच्याशी झालेली भेट निर्णायक ठरली. सतराव्या शतकातील पंडित व्यंकटमखी यांच्या चतुर्दंडीप्रकाशिका या ग्रंथाची प्रत भातखंडे यांना तेथे मिळाली. बारा स्वरांच्या मांडणीतून ७२ मेल कसे निघतात, याचे गणित त्या ग्रंथात आहे. मेल म्हणजे रागाला लागणाऱ्या स्वरांचा साचा. आपल्याकडे त्यालाच थाट म्हणतात. उत्तरेत रागांची वर्गवारी त्या काळी सहा राग, त्यांच्या रागिणी आणि पुत्र अशा कुटुंबाच्या कल्पनेवर चाले. कोणती रागिणी कोणत्या रागाची, यावर मतांचा मेळ नव्हता आणि या नात्याचा स्वरांशी संबंध दाखविता येत नव्हता. व्यंकटमखींचा हिशेब पाहिल्यावर भातखंडे यांना वर्गवारीचा स्वच्छ मार्ग दिसला.

जयपूरचा ठेवा

१९०७ आणि १९०८ सालच्या प्रवासांत त्यांनी पूर्व आणि उत्तर भारत पालथा घातला. राजपुतान्यातील संस्थानेही त्यांनी पाहिली. जयपूरचे महत्त्व त्यांच्या दृष्टीने दुहेरी होते.

पहिले कारण ग्रंथाचे. जयपूरचे सवाई प्रतापसिंह यांची कारकीर्द १७७८ ते १८०३ अशी होती. हवामहल बांधणारे ते हेच. ब्रजनिधी या नावाने ते काव्य करीत आणि त्यांच्या पदरी गुणी गायक-वादकांचा मोठा संच होता. त्यांनी पंडितांना आणि कलावंतांना एकत्र बोलावून चर्चा घडविली आणि त्यातून संगीतसार हा ग्रंथ तयार झाला. शुद्ध स्वरांचे सप्तक म्हणजे बिलावल, ही मांडणी त्यात आहे. आज पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजविल्या की जे सप्तक ऐकू येते, तेच हे. जुन्या संस्कृत ग्रंथांचे शुद्ध सप्तक वेगळे होते. अर्थात, गायक कोणते स्वर शुद्ध मानतात हे पाहून जयपूरच्या मंडळींनी ग्रंथ बदलला; ग्रंथ पाहून गाणे बदलले नाही. या ग्रंथाची विद्वत्ता भातखंडे यांना फारशी पटली नव्हती, परंतु बिलावलला पाया मानण्यासाठी त्यांना तो साक्षीदार म्हणून उपयोगी पडला. मराठी वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे हा जयपूरचा ग्रंथ १९१० च्या सुमारास छापला तो पुण्याच्या गायन समाजाने.

दुसरे कारण माणसांचे. मनरंग परंपरेतील मुहम्मद अली खाँ कोठीवाले हे जयपूरचे नामवंत उस्ताद होते. त्यांचे पुत्र आशिक अली आणि अहमद अली यांच्याकडून भातखंडे यांना सुमारे तीनशे बंदिशी मिळाल्या. हे गाणे फोनोग्राफवर घेण्यात आले होते आणि ते पुन्हा पुन्हा ऐकून त्याचे स्वरलेखन करण्यात आले. घराण्याचा ठेवा असा बाहेर गेल्याचे कळल्यावर मुहम्मद अली खाँ प्रथम नाराज झाले, पण भातखंडे यांची तळमळ पाहून त्यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले, असे सांगितले जाते. नाराजी समजण्यासारखी होती. ज्याचे पोट बंदिशींवर चालते त्याला त्या छापून चार आण्यांना मिळू लागल्या तर काय वाटेल, याचा विचार सुशिक्षित संग्राहकांनी नेहमीच केला असे नाही. पण त्यांतील कित्येक बंदिशी आज गाता येतात त्या लिहिल्या गेल्या म्हणूनच, हेही नाकारता येत नाही.

बत्तीसांतून दहा

आता थाटांच्या हिशेबाकडे वळू. हिंदुस्थानी पद्धतीत षड्ज आणि पंचम अचल आहेत. रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद यांची शुद्ध आणि कोमल, तर मध्यमाची शुद्ध आणि तीव्र अशी दोन-दोन रूपे आहेत. पाच स्वरांपैकी प्रत्येकाचे एकच रूप घेऊन सात स्वरांचे थाट बांधले, तर दोनाची पाच वेळा गुणाकार करून येणारी संख्या, म्हणजे ३२ थाट मिळतात. व्यंकटमखींच्या पद्धतीत एकाच स्थानाला दोन नावे घेण्याची सोय असल्याने ती संख्या ७२ होते.

या बत्तिसांत एक थाट असा आहे: शुद्ध रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, पंचम, कोमल धैवत आणि कोमल निषाद. कर्नाटक पद्धतीत तो ६२ वा मेल असून आज ऋषभप्रिया या नावाने ओळखला जातो. त्यातून पंचम वगळला की उरतात सहा स्वर, आणि लगतच्या कोणत्याही दोहोंमधील अंतर सारखे, म्हणजे पूर्ण एका स्वराचे असते. कर्नाटक संगीतात या स्वरांच्या रागाला गोप्रिया म्हणतात. होल टोन स्केल ती हीच.

घरी पेटी असलेल्यांना ती पाहणे सोपे आहे. पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी तीन आणि त्यापुढे काळी तीन, काळी चार, काळी पाच. नंतर वरची पांढरी एक. तीन पांढऱ्या, तीन काळ्या. काळी एकपासून सुरुवात केल्यास काळी एक, काळी दोन आणि मग पांढरी चार, पाच, सहा, सात अशी दुसरी श्रेणी मिळते. या दोन श्रेणींत बाराही स्वर संपतात. तिसरी श्रेणी निघतच नाही.

ऐकताना मात्र ही श्रेणी सोपी राहत नाही. आपल्या कानाला आधार देणाऱ्या तीन गोष्टी तिच्यात नाहीत. पंचम नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, त्यामुळे षड्जाला कोणीही संवादी उरत नाही. शुद्ध निषादावरून षड्जावर येताना जी ओढ लागते ती अर्ध्या स्वराच्या जवळिकीमुळे. येथे अर्धे अंतर कोठेच नाही. तिसरी गोष्ट मूर्च्छनेची. बिलावलच्या स्वरांत रिषभाला षड्ज मानले तर काफी दिसतो, गंधाराला मानले तर भैरवी, मध्यमाला मानले तर कल्याण. एका सप्तकाच्या पोटात अशी अनेक सप्तके असतात. पूर्णस्वर श्रेणीत कोणत्याही स्वराला षड्ज माना, पुन्हा तीच श्रेणी समोर येते. सगळी दारे एकाच खोलीत उघडावीत, तसा हा प्रकार आहे. तंबोरा नसेल तर षड्ज कोणता हे कान विसरून जातो.

ज्यांना ती गळ्यावर किंवा वाद्यावर बसवायची असेल त्यांनी म्हणूनच तंबोऱ्यापासून सुरुवात करावी. पहिली तार पंचमात ठेवली तर ती प्रत्येक क्षणी श्रेणीशी भांडेल. मारवा किंवा पुरिया गाताना ती निषादात लावतात, तशी येथे ती षड्जातच लावणे सोयीचे. मग सरळ आरोह म्हणण्याआधी सा, ग, कोमल ध, तार सा ही उडी पक्की करावी. ही तीन सारखी अंतरे आहेत. त्यानंतर रे, तीव्र म, कोमल नि ही दुसरी साखळी घ्यावी आणि शेवटी दोन्ही साखळ्या एकमेकींत गुंफाव्यात. पूर्वार्ध कल्याणासारखा जातो, त्यामुळे सवयीने गळा पंचमाकडे धावतो. तीव्र मध्यमावरून सरळ कोमल धैवतावर जाणे, हीच खरी कसरत. सतारीवर धैवताचा पडदा कोमल जागी सरकविला की श्रेणी हाताखाली येते.

भातखंडे यांनी बत्तिसांपैकी दहाच थाट निवडले, कारण प्रचारात असलेले बहुतेक राग त्या दहांत बसत होते. त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे नाव श्रीमल्लक्ष्यसंगीतम् असे आहे. शास्त्रकारांच्या भाषेत लक्षण म्हणजे नियम आणि लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार. ग्रंथाच्या नावातच त्यांनी आपली बाजू सांगितली होती. गणिताने जे शक्य आहे ते सर्व संगीत होत नाही. जे लोक गातात त्याचे गणित मांडायचे, ही ती भूमिका. पूर्णस्वर श्रेणी त्यांच्या नियमांत बसली नसती असे नव्हे. मारवा आणि पुरिया पंचमाशिवाय उभे आहेतच. पण उत्तरेत त्या स्वरांत कोणी राग गात नव्हते, म्हणून तिच्यासाठी त्यांनी स्वतंत्र घर बांधले नाही.

गंमत अशी, की लक्ष्यसंगीत आणि हिंदुस्थानी संगीत पद्धतीचा पहिला भाग प्रसिद्ध झाला त्या १९१० च्या सुमारासच पॅरिसमध्ये क्लोद देब्युसी यांचा पियानोसाठीच्या प्रिल्यूड रचनांचा पहिला संग्रह बाहेर पडला. त्यातील व्हॉल ही रचना जवळजवळ सर्व याच सहा स्वरांत आहे. देब्युसी भातखंडे यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होते. त्यांच्या आधी रशियात ग्लिंका यांनी १८४२ च्या एका ऑपेरात जादूगाराच्या पात्रासाठी ही श्रेणी योजली होती. युरोपीय रचनाकारांना षड्जाची पकड सैल करायची होती आणि त्यासाठी अशी आधार नसलेली श्रेणी उपयोगी होती. आपल्या संगीताचा सारा डोलारा षड्जावरच उभा आहे, तेव्हा हे आकर्षण येथे निर्माण होण्याचे कारण नव्हते.

श्रुतींचा वाद

बारा स्वरांवर हिशेब बसविणे सर्वांना मान्य नव्हते. सांगली भागातील कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी त्यांच्या मताचा पाठपुरावा करून श्रुतींची पेटी तयार करविली. हे दोघे आग्रहाने सांगत, की गवई ज्या सूक्ष्म जागा लावतात त्या बारा पट्ट्यांत मावत नाहीत.

पूर्णस्वर श्रेणीचेच उदाहरण घेतले तर त्यांचा मुद्दा ध्यानात येतो. प्राचीन हिशेबाप्रमाणे सप्तकात २२ श्रुती असून स्वरांची अंतरे चार, तीन किंवा दोन श्रुतींची असतात. २२ ला सहाने भाग जात नाही, म्हणजे सहा समान अंतरे पूर्ण श्रुतींत मिळतच नाहीत. तारेच्या लांबीने मोजून ९ ला ८ या प्रमाणाचे सहा स्वर एकावर एक चढविले, तर सातवा स्वर तार षड्जाच्या किंचित वर जातो. समान अंतरांची ही श्रेणी चोख उतरते ती बारा सारख्या भागांत जुळविलेल्या पियानोवर किंवा पेटीवर. गळ्यावर ती नेहमी थोडी तडजोड असते.

१९१६ साली सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या प्रश्नावर प्रात्यक्षिकांसह चर्चा झाली. देवल आणि क्लेमंट्स यांची श्रुतिमांडणी तेथे मान्य झाली नाही. भातखंडे यांचे म्हणणे व्यवहारी होते. रागात सूक्ष्म स्वर लागतात हे त्यांना ठाऊक होते, पण ते गुरूकडून ऐकून घ्यायचे, कागदावर बारा खुणा पुरे. शिकविण्याच्या दृष्टीने ते बरोबर ठरले असे आजचे चित्र सांगते. तथापि, दरबारीचा गंधार आणि भीमपलासीचा गंधार एकाच कोमल खुणेने लिहिला जाऊ लागल्याने काही हरवले, ही तक्रारही निराधार नाही.

बडोद्यानंतर दिल्ली, बनारस आणि लखनौ येथे परिषदा झाल्या. १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघाले. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले आणि त्याची धुरा पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी अनेक वर्षे वाहिली. ती संस्था आज भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे.

त्यांच्यावर टीकाही बरीच झाली. निरक्षर उस्तादांबद्दल त्यांच्या लेखनात अधूनमधून येणारी तुच्छता आज वाचवत नाही, विशेषतः त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग त्याच उस्तादांचा असल्यामुळे. दहा थाटही पुढे अपुरे पडले. दक्षिणेकडून आलेले चारुकेशी, कीरवाणी, वाचस्पती हे राग आता उत्तरेतील मैफलींत सर्रास ऐकू येतात आणि ते दहांपैकी एकाही थाटात बसत नाहीत. भातखंडे यांचीच कसोटी लावायची तर लक्ष्य बदलले आहे, तेव्हा लक्षणही बदलायला हवे. परीक्षांचे अभ्यासक्रम मात्र दहावरच थांबले आहेत.

हिंदुस्थानी संगीत पद्धतीचा चौथा आणि अखेरचा भाग १९३२ साली प्रसिद्ध झाला. गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेला हा ग्रंथ मराठीत आहे, हे मराठी वाचकाने विसरू नये. हिंदी जगाला तो भाषांतरातून मिळाला. पुढच्याच वर्षी पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले. क्रमिक पुस्तक मालिकेचे काम चालूच होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. सुमारे १८०० बंदिशींच्या त्या सहा भागांपैकी अखेरचे भाग त्यांच्या पश्चात छापून झाले. जयपूरच्या कोठीवाल्यांकडून मिळालेल्या बंदिशी या मालिकेत आहेत.